भुतांचे नव्हे, ओसाड गाव

मा. संपादक महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत दक्षिण इटलीतील बाझिलिकाता प्रदेशातल्या क्राको या गावाविषयी आलेला सचित्र लेख वाचला. लेख वाचनीय आहे. माझी तक्रार आहे ती केवळ त्याच्या 'भुतांचे गाव' या मथळ्याविषयी. १९६३ च्या सुमारास जमीन खचू लागल्यामुळे क्राकोच्या रहिवाशांना खालच्या खोऱ्यातील नव्या वस्तीत हलवावे लागले, १९८० च्या भूकंपानंतर उरलेसुरलेही निघून गेले, आणि अशा रिकाम्या पडलेल्या गावाला इटालियन माणूस 'पाएझे फान्तास्मा' म्हणतो ('पाएझे' म्हणजे गाव). तिथे कुणी भूत पाहिल्याचा दावा या शब्दांत मुळीच नाही. आमच्या घरी मात्र मथळा वाचताच नातवाने 'तिथे कोणती भुते राहतात?' असे विचारले, आणि इटालियनमधून मराठीत भाषांतरे करण्यात बरीच वर्षे घालवलेल्या मला या पत्रास बसावे लागले.

'फान्तास्मा' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याच्या मुळाशी 'दिसणे, प्रकट होणे' या अर्थाचा धातू आहे. इंग्रजीतील 'फँटम' आणि 'फँटसी' ही त्याचीच भावंडे. शब्दाचा सगळा भर मेलेल्या माणसावर नसून दिसण्यावर आहे, म्हणजे डोळ्यांना जे भासते पण हाती लागत नाही त्यावर. घरे, रस्ते, चर्चचा मनोरा असे सगळे दिसते आणि तरी गाव नाही, हे सांगायला तो चपखल बसतो. पिशाच्चासाठीचा दुसरा इटालियन शब्द 'स्पेत्रो' आणि इंग्रजी 'स्पेक्टर' यांचेही तसेच, फक्त तिथला 'पाहणे' हा धातू लॅटिन आहे. त्याच धातूपासून आलेल्या 'स्पेक्ट्रम' या लॅटिन शब्दाने न्यूटनने १६७२ मध्ये प्रिझममधून पडणाऱ्या रंगांच्या पट्ट्याचे नाव ठेवले, त्यामुळे इटलीतला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आजही वर्णपटाला आणि पिशाच्चाला एकाच नावाने ओळखतो.

इंग्रजीतील 'घोस्ट' मात्र या कुळातला नव्हे. तो जुना जर्मानिक शब्द असून जर्मनमधील 'गाइस्ट'चा सख्खा नातेवाईक आहे, आणि त्याचा जुना अर्थ श्वास, प्राण, आत्मा असा होता. (त्यातील न उच्चारला जाणारा 'एच' पंधराव्या शतकात इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याच्या छापखान्यातून, फ्लेमिश लेखनपद्धतीच्या प्रभावाने शिरला असे मानतात.) 'गिव्ह अप द घोस्ट' म्हणजे भूत सोडून देणे नव्हे, तर आपले साधे 'प्राण सोडणे'. 'होली घोस्ट'लाही मराठी बायबलमध्ये 'पवित्र आत्मा' म्हटले आहे आणि ते अगदी योग्य आहे. पुढे 'घोस्ट'चा अर्थ आक्रसत केवळ भुतापुरता उरला, तेव्हा खुद्द इंग्रजी चर्चनाही विसाव्या शतकात प्रार्थनांमध्ये 'होली स्पिरिट' असा बदल करावा लागला. इटालियनांवर ही वेळ आली नाही, कारण त्यांच्याकडे पहिल्यापासून 'स्पिरितो' आहे. त्या शब्दाची अडचण निराळी: तो आत्मा आहे, भूत आहे, विनोदबुद्धी आहे आणि मद्यार्कही आहे. बरणीवर 'स्पिरितो'तली चेरी असे लिहिलेले असले, तर तिला कुणी झपाटलेले नसते.

मला सर्वांत प्रिय आहे तो 'ओम्ब्रा', म्हणजे सावली. इटालियन कवी दान्तेच्या परलोकयात्रेच्या महाकाव्यात मृतांसाठी हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याच्याशी कवी मोठा सुंदर खेळ करतो. मृतात्मे जिथे पापमुक्त होतात त्या शुद्धिलोकाच्या डोंगरावर चालताना समोर जमिनीवर आपली एकट्याचीच सावली पडलेली पाहून दान्ते दचकतो. त्याला वाटते, आपला वाटाड्या, कधीच मरण पावलेला रोमन कवी व्हर्जिल, आपल्याला सोडून गेला. व्हर्जिल शेजारीच असतो, पण जो स्वतःच सावली आहे त्याची सावली कुठून पडणार? भुताला सावली नसते, हे आपल्याकडे आजीच्या गोष्टीतही ऐकलेले असल्यामुळे मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटू नये; परंतु भाषांतरात 'ओम्ब्रा'चे 'भूत' केले की प्रसंगातला प्राणच जातो. तिथे 'छाया'च हवी. (व्हेनिसमध्ये 'ओम्ब्रा' मागितल्यास वाइनचा छोटा पेला समोर येतो, तेव्हा तिथेही 'भूत' लिहू नये.)

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याच्या पहिल्याच वाक्यात युरोपभर वावरणारे एक 'गेश्पेन्स्ट' आहे, म्हणजे जर्मनमधले भूत. १८५० मधील पहिल्या इंग्रजी भाषांतरात हेलन मॅकफार्लेन यांनी त्याचे 'हॉबगॉब्लिन' केले, म्हणजे घरातल्या वस्तू लपवणारे, खोड्या काढणारे बुटके भूत. १८८८ च्या भाषांतरात 'स्पेक्टर' आला आणि तोच रूढ झाला. इटालियनांनी 'स्पेत्रो' घेतला. एका शब्दाने तेच वाक्य हास्यास्पद झाले आणि दुसऱ्याने भयावह.

आपल्याकडे शब्दांचा तुटवडा आहे असेही नाही, किंबहुना झाली तर अडचण उलट आहे. इटालियन आणि इंग्रजी शब्द बहुतेक करून ते कसे दिसते वा भासते ते सांगतात; आपले शब्द तो कोण होता आणि कसा मेला ते सांगतात. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा, बाळंतपणात गेलेली बाई अळवंत, वासना उरलेला समंध. त्यामुळे 'स्पेत्रो'ला समंध म्हटले, तर मूळ लेखकाने न लिहिलेली एक अख्खी कौटुंबिक कथा वाक्यात घुसते. आणि 'भूत' तर मुळात 'होऊन गेलेले' एवढेच सांगणारा शब्द आहे, त्याचे काळाशी नाते आहे, दिसण्याशी नाही. म्हणून प्रसंग पाहून कुठे आभास, कुठे छाया, कुठे आत्मा, आणि खरोखरच भूत असेल तेथे भूत, असे निवडून लिहावे, अशी आपल्या अनुवादकांना विनंती आहे.

क्राकोसाठी 'ओसाड गाव' पुरेसे होते. तिथे आज पर्यटकांना वाटाड्यासोबत आणि डोक्यावर हेल्मेट घालूनच आत सोडतात, ते पडक्या भिंतींचे दगड अंगावर येऊ नयेत म्हणून.

आपली विश्वासू,
एक भाषांतरकार, पुणे