नावं नीट उच्चारल्याबद्दल

आदरणीय ताई,

कोविडच्या महामारीत गेलेल्यांसाठी तुम्ही घडवून आणलेल्या ऑनलाइन सर्वधर्मीय शोकसभेबद्दल हे पत्र. खुलं लिहिते आहे, कारण त्या दिवशी पडद्यावर जमलेल्या आणि नंतर एकमेकांना कधीच न भेटलेल्या अनेकांना तुम्हाला हेच सांगायचं असेल, अशी माझी खात्री आहे.

बाबा गेले तेव्हा आमच्यापैकी कुणीही जवळ नव्हतं. अंत्यसंस्कार अनोळखी माणसांनी केले, आणि चांगल्या मनाने केले. तरी काहीतरी करायचं राहिलं आहे ही टोचणी जाईना. आपल्या माणसाला निरोप कसा द्यायचा हे प्रत्येक धर्माने ठरवून दिलेलं असतं आणि आजाराने नेमकी तिथेच आडकाठी घातली. मुस्लिम घरांत अनेकांना मृताला गुस्ल, म्हणजे दफनापूर्वीचं विधिवत स्नान, देता आला नाही. ज्यू घरांत ‘शिवा’ म्हणतात त्या शोकाच्या सात दिवसांत सांत्वनाला कुणी येऊ शकत नव्हतं. किती ख्रिस्ती माणसं धर्मगुरूच्या हातचं शेवटचं तैलाभ्यंग, म्हणजे पवित्र तेल लावण्याचा विधी, न मिळताच गेली. हिंदू घरांत मुलाबाळांच्या हातून अग्नी दिला गेला नाही. तुमच्या सभेत हे एकामागून एक ऐकत गेले आणि पहिल्यांदाच वाटलं, आपलं राहून गेलेलं फक्त आपलंच नाही.

सर्वधर्मीय म्हटलं की बहुतेकदा कुणालाच खुपणार नाही अशी एक गुळगुळीत प्रार्थना तयार होते आणि ती कुणाचीच नसते. तुम्ही तसं होऊ दिलं नाहीत. ज्याने त्याने आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने, एक शब्दही न गाळता प्रार्थना करायची आणि बाकीच्यांनी फक्त सोबत राहायचं, एवढंच सांगितलंत. त्या ‘सोबत राहण्या’चं मोल मला कद्दिशच्या वेळी कळलं. मृतांसाठी म्हणायच्या त्या ज्यू प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखच नाही, आहे ती ईश्वराची स्तुती. आणि ती एकट्याने म्हणायची नसते. परंपरेप्रमाणे निदान दहा जण हजर लागतात, ते मधे मधे ‘आमेन’ म्हणतात. म्हणजे शोक करणाऱ्याला उत्तर देणारं कुणीतरी हवं, हे त्या रीतीतच आहे. महामारीत काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्या काळापुरती पडद्यावरची उपस्थितीही ग्राह्य धरली, हे तुमच्याकडूनच समजलं.

आपण हे करणारे पहिले नाही, हेही तुम्ही आवर्जून सांगितलंत. १४ मे २०२० रोजी जगभरच्या निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी आपापल्या जागी प्रार्थना आणि उपवास करावा, या आवाहनाला पोप फ्रान्सिस आणि कैरोतल्या अल-अजहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब या दोघांनीही साथ दिली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतल्या मृतांचा आकडा एक लाखावर गेला. तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी शोकाचे दिवस ठरवले: २९ मेच्या शुक्रवारी मशिदींमधून, शनिवारी ज्यूंच्या प्रार्थनास्थळांतून म्हणजे सिनेगॉगमधून, रविवारी चर्चमधून आणि १ जूनला शहरांच्या महापौरांसह सगळ्यांनी मिळून. मला ही रचना फार आवडते. कुणालाही आपला प्रार्थनेचा वार सोडावा लागला नाही.

माझा भाऊ देव मानत नाही. तो सभेला येणारच नव्हता. तुम्ही त्याला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलने मे २०२० मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन स्मरणवहीबद्दल सांगितलंत. चर्चने उघडलेली वही, पण त्यात कुठल्याही धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या माणसाचंही नाव लिहिता येत होतं. मग म्हणालात, ‘तू प्रार्थना करू नकोस, बाबांबद्दल दोन वाक्यं बोल.’ तो चांगली दहा मिनिटं बोलला. तुम्ही त्याला थांबवलं नाहीत. बाबा गेल्यापासून त्याच्या तोंडून त्यांच्याबद्दल इतकं मीही ऐकलं नव्हतं.

आणि ती नावं! सभेच्या आधी तुम्ही घरोघरी फोन करून प्रत्येक नावाचा उच्चार विचारून घेतला होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे नेहमीच्या अपेक्षेपेक्षा सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाले. त्याच काळात कोविडचे मृत्यू म्हणून अधिकृत नोंद झाली ती जेमतेम ५४ लाखांची. या दोन आकड्यांच्या मधे केवढी माणसं आहेत, आणि त्यांतल्या कितीजणांच्या घरच्यांना ‘तो कशाने गेला’ हेसुद्धा कुणी धड सांगितलेलं नाही. म्हणून तुम्ही दाखला मागितला नाहीत, कारण विचारलं नाहीत, नुसतं नाव विचारलंत, याचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत. परक्या धर्मातलं, जिभेला सवय नसलेलं नाव एखाद्याने जपून, अचूक घेतलं की ऐकणाऱ्या घराला काय वाटतं, ते मी त्या दिवशी समोरच्या चेहऱ्यांवर पाहिलं. बाबांचं नाव एका इमामांनी वाचलं. त्या इमामांच्या बहिणीचं नाव नंतर मी वाचलं.

पुढच्या वर्षीही सभा घेणार आहात असं कळलं. घरोघरी फोन करून नावं विचारण्याचं काम या वेळी अर्धं माझ्याकडे द्या. भाऊही मदतीला येईल म्हणतो.

तुमची ऋणी,
त्या सभेतली एक मुलगी