यंदा वेस्ट कोस्ट नाही

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर ऑक्टोबरच्या सहलीचा विषय काढला की बाबा "बरं, बघू" म्हणतात आणि आई "ओवीला दे" म्हणते. म्हणून लिहून पाठवतेय. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या. मोबाइलवर डोळे ताणत वाचू नका.

बाबा, तुम्ही पाठवलेलं वेस्ट कोस्टच्या टूरचं वेळापत्रक मी नीट वाचलं. लॉस एंजेलिस, लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, सॅन फ्रान्सिस्को. जवळजवळ रोज नवं हॉटेल, पहाटे बॅगा दाराबाहेर, मग दिवसभर बस. आपण ते करत नाही आहोत. ऑक्टोबरसाठी मी इथेच, पेनसिल्व्हेनियातल्या एका स्टेट पार्कमध्ये केबिन घेतली आहे. पैसे भरून झालेत. लगेच तोंड पाडू नका, पुढचं वाचा.

विचारलं का नाही, तर इथल्या स्टेट पार्कांचं बुकिंग अकरा महिने आधी उघडतं. ऑक्टोबर म्हणजे पानं रंगायचा हंगाम, तेव्हाच्या केबिन बघता बघता जातात. म्हणजे ठरवायचं ते नोव्हेंबरात. आणि नोव्हेंबरात बाबा नुकते हॉलमधून गॅलरीपर्यंत चालायला लागले होते. तेव्हा "पुढच्या ऑक्टोबरात कुठे जाऊ या?" असं कुठल्या तोंडाने विचारणार? बुक केलं आणि गप्प बसले. अमोल म्हणाला, आधी बरं तर होऊ देत. मला उलट वाटलं, तारीख ठरलेली असली की माणूस बरा होतो. झालातच ना?

डॉक्टरांनी विमानप्रवासाला हो म्हटलंय, पण "दगदग नको" हेही म्हटलंय. ते वाक्य बाबा मला सांगत नाहीत, आईने सांगितलं. (आई, तू सांगितलंस हे मी बोलणार नव्हते, पण आता लिहून गेलं.) ग्रँड कॅन्यनची कड सात हजार फुटांवर आहे, यलोस्टोन त्याहूनही वर, आठेक हजार. तिथे धडधाकट माणसालाही चढावर धाप लागते. आणि आधीपासूनच्या दुखण्याला इथला प्रवासी विमा हात आखडता घेतो, ते वेगळंच. मी बुक केलेल्यातली सगळ्यात उंच जागा तेवीसशे फुटांवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्मी. तिथे तुम्हाला काही होणार आहे असं मी अजिबात म्हणत नाही. मला झोप लागावी म्हणून म्हणा हवं तर.

मागच्या वेळी नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं झालं. आईने कुणाची तक्रार केली नाही, पण घरी आल्यावर पाय गरम पाण्यात घालून बसली आणि म्हणाली, "सगळीकडे माणसांच्या पाठीच बघितल्या." ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आणि खरं सांगा बाबा, गर्दीची जागा तुम्हाला कधी आवडली? कर्जतच्या क्वार्टर्समध्ये असताना सगळे माथेरानला जायचे आणि तुम्ही आम्हाला कोंढाण्याच्या लेण्यांकडे न्यायचात. वाट चिखलाची, मी निम्मा वेळ तुमच्या खांद्यावर, आणि वर पोचलं की लेण्याच्या तोंडावरून पाण्याचा पडदा. आईने डब्यात आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या भिजू नयेत म्हणून तुम्ही रेनकोट काढून डब्यावर टाकला होतात. रेल्वेचा तो काळा रेनकोट. त्याचा वास अजून आठवतो.

तर स्टेट पार्क. आपल्याकडे लोकांना अमेरिकेची नॅशनल पार्क माहीत असतात, ती केंद्र सरकारची. ही राज्याची. पेनसिल्व्हेनियात अशी सव्वाशेच्या आसपास आहेत आणि बाबा, आत जायला तिकीट नाही. पार्किंगलाही नाही. मॉरिस गॉडर्ड म्हणून एक अधिकारी १९५५ पासून पुढे वनखात्याचे प्रमुख होते, त्यांनी ठरवलं होतं की राज्यातल्या प्रत्येक माणसाला पंचवीस मैलांच्या आत एक तरी पार्क असायला हवं. असा हट्टी माणूस खात्यात एखादाच असतो, पण तो पुरतो.

पिट्सबर्गहून बुधवारी सकाळी निघायचं. तीनेक तासांवर पहिला मुक्काम नाही, नुसता थांबा: किंझुआ ब्रिज. हा खास बाबांसाठी. १८८२ साली चौऱ्याण्णव दिवसांत उभा केलेला रेल्वेचा पूल, तीनशे एक फूट उंच, दोन हजार फुटांहून लांब. आपल्या कोकण रेल्वेचा पानवल नदीचा पूल चौसष्ट मीटर, हा जवळजवळ ब्याण्णव. १९०० साली लोखंडाच्या जागी पोलाद आलं. १९५९ मध्ये मालगाड्या बंद झाल्या आणि पूल एका भंगारवाल्याने विकत घेतला, पण त्याला तो तोडवेना! मग १९६३ मध्ये राज्याने तिथे पार्क करायचा कायदा केला. आणि २१ जुलै २००३ ला एका वावटळीत वीसपैकी अकरा टॉवर आडवे झाले.

तुम्ही लगेच विचाराल, पाया कसा होता. पाया ठीक होता. टॉवर पायाशी आवळून धरणारे अँकर बोल्ट जुन्या, १८८२ च्याच पुलाचे होते. पोलाद नवं चढवलं, बोल्ट तेच ठेवले. ते आतून गंजलेले होते आणि वाऱ्याने टॉवर उचलले. हे वाचलं तेव्हा तुमची पावसाळ्यातली बडबड आठवली: "वरून रंग मारून काय होतंय, नट बघा नट." मोडलेला पूल त्यांनी उचलला नाही, दरीत तसाच पडू दिला आहे. उरलेल्यांपैकी सहा टॉवरांवर २०११ पासून माणसांना चालत जाता येतं. रूळ तसेच आहेत, मधोमध. तुम्ही स्लीपर मोजत सहाशे फूट जा, वाट सपाट आहे, बसायलाही मिळेल. टोकाला जमिनीत काच आहे आणि खाली सव्वादोनशे फूट दरी. आईने काचेवर यायची गरज नाही. मी आणि आई अलीकडे उभ्या राहू. ओवी मात्र आम्ही मागे गेलो होतो तेव्हा त्या काचेवर पोटावर झोपली होती, तेव्हा तिचा हात धरायचं काम बाबांचं.

तिथून रूट सिक्स नावाच्या रस्त्याने दोनेक तास, आणि संध्याकाळी हिल्स क्रीक स्टेट पार्क. केबिन तळ्याजवळ. आई, तुझा पहिला प्रश्न मला माहीत आहे. संडास-बाथरूम आत आहे. कमोड आहे, गरम पाण्याचा शॉवर आहे, विजेचा हीटर आहे. काही पार्कांत जुन्या लाकडी केबिन आहेत, त्यांना संडास बाहेर सामायिक असतो. त्या मी मुद्दाम टाळल्या. स्वयंपाकघर आहे, शेगडी, फ्रिज सगळं. भांडी आणि अंथरूण-पांघरूण मात्र आपलं न्यायचं असतं. म्हणजे कुकर आपला, चहाचं भांडं आपलं, आणि पांघरायला तू ओवीसाठी पाठवलेल्या गोधड्या. टूरच्या हॉटेलात सकाळी गार ब्रेड-जॅम खायचा त्यापेक्षा तू केलेले पोहे बरे की नाही? साखरेच्या गोळीची वेळही पाळली जाईल. आणि हो, पार्कांत दारूला बंदी आहे, बिअरलासुद्धा. त्यामुळे पनवेलच्या लग्नासारखं काही होणार नाही. अमोलला सांगून ठेवलंय.

गुरुवारी लेनर्ड हॅरिसन. याला लोक "पेनसिल्व्हेनियाचं ग्रँड कॅन्यन" म्हणतात. बाबा, मी फसवत नाही, खऱ्याची सर त्याला नाही. खरं एक मैल खोल आहे, हे आठशे फूट. पण तिथे लाल खडक आहेत, इथे दरी काठापासून तळापर्यंत झाडांनी भरलेली आणि ऑक्टोबरात ती पिवळी-तांबडी पेटलेली असते. गाडीतून उतरून कठड्यापाशी जायला पाच मिनिटं लागतात. खाली उतरणारी एक वाट आहे, तिच्या पाटीकडे बघायचंसुद्धा नाही.

समोरच्या काठावर कोल्टन पॉइंट. तिथे दगड आणि ओंडक्यांच्या शेड आहेत, त्यात बसून डबा खाऊ. त्या १९३० च्या दशकात बेकार पोरांनी बांधल्या. मंदीत रूझवेल्टने १९३३ साली ही योजना काढली होती: अविवाहित तरुणांना रानात काम, महिन्याला तीस डॉलर, त्यातले पंचवीस परस्पर घरी आई-बापांना. मला तिथे अप्पा आठवले. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, तो रस्ता अजून गावात आहे आणि त्यावर कुठे कुणाचं नाव नाही. बाबा, त्या शेडच्या खांबांना हात लावून बघा, ओंडक्यांचे सांधे कसे बसवलेत ते.

रिकेट्स ग्लेन मी वगळलं. तिथे एकाच वाटेवर वीसहून जास्त धबधबे आहेत आणि आईला धबधबे आवडतात हे मला माहीत आहे, पण पायऱ्या दगडी आणि ओल्या असतात. आईचे गुडघे काय म्हणतात ते आई सांगत नाही, जिना उतरताना दिसतं.

राहिलं चेरी स्प्रिंग्ज. ती तेवीसशे फुटांवाली जागा हीच. सगळीकडे जंगल, गावाचा उजेड नाही, म्हणून आकाश इतकं काळं की लोक लांबून दुर्बिणी घेऊन येतात. यासाठी अमावास्येच्या जवळची रात्र लागते, आणि इथेच आई चिडणार. यंदा अधिक ज्येष्ठामुळे सगळं पुढे गेलंय. सर्वपित्री १० ऑक्टोबरला, घटस्थापना ११ ला. पितृपक्षात भटकायचं का, असं तू म्हणशील. आजीची तिथी आधीच होऊन जाते आणि सर्वपित्रीचं काकांकडे नेहमीप्रमाणे होणार आहे, मी त्यांच्याशी बोललेय. आपण शनिवारी, १० तारखेला अंधार पडायच्या आत घरी. रविवारी सकाळी तुझा घट बसणार. माती, परडी, सप्तधान्य मी आधीच आणून ठेवीन. ज्या अंधारासाठी आपण जातोय तो याच दिवसांत मिळतो, त्याला मी तरी काय करू?

जागरण नाही. त्या दिवसांत साडेआठपर्यंत मिट्ट काळोख होतो. शुक्रवारी जेवून जाऊ, घडीच्या खुर्च्या टाकून तासभर बसू. मैदानात पांढरा टॉर्च लावायचा नसतो, लाल चालतो, म्हणून बाबांनी आपला तो सर्चलाइट बॅगेत भरू नये. ईशान्येला शर्मिष्ठा, जरा उजवीकडे देवयानी, आणि डोक्यावरून आकाशगंगा. गच्चीवर लोडशेडिंगच्या रात्री आई मला कृत्तिका मोजायला लावायची, मला कधी सहाच्या वर दिसल्या नाहीत. आई, आता माझ्या डोळ्यांना चष्मा आहे, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बघू कोण जास्त मोजतं.

आता निमूट ऐकायचं. गोळ्या मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत. छातीत दुखल्यावरची सॉर्बिट्रेट बाबांच्या शर्टाच्या खिशात, आईच्या पर्समध्ये नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास सपाटीवर चालायचं, आतापासून, पाऊस असला तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये. रानात गोचीड असतात, त्यांनी आजार होतो, तेव्हा बाबांनी पायमोजे घालायचे आणि पँट त्यात खोचायची. वाईट दिसलं तरी चालेल. आईने गवतात साडी नको, पंजाबी ड्रेस. अस्वलं आहेत, पण ती आपल्याला घाबरतात, फक्त खरकटं बाहेर ठेवायचं नाही. मधल्या रस्त्यांवर फोनला रेंज नसते. केबिनपासून सात-आठ मैलांवर वेल्सबरो गावात हॉस्पिटल आहे, मी रस्ता बघून ठेवलाय. लागणार नाहीच.

बाबा, ग्रँड कॅन्यन तुमच्या मनात किती वर्षं आहे ते मला माहीत आहे. मी "कधीच नाही" म्हटलेलं नाही, "यंदा नाही" म्हटलंय. पुढच्या तपासणीचे रिपोर्ट चांगले आले तर विमानाने थेट जाऊ, बसने नाही.

भाजणी आण आई, आणि विमानतळावर कस्टमवाल्यांना खाण्याचं आणलंय असं सांगा, लपवू नका.

तुमची,
मनू

ता. क. टूरवाल्याला अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर किती दिला ते आईने कळवावं, बाबा खरा आकडा सांगणार नाहीत.