शोधनिबंध किती, यापेक्षा कृती जमते का ते पाहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नॅनोपदार्थांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचा परिचय छापताना बहुधा शोधनिबंध किती, पेटंटे किती आणि इतरांनी दाखले किती वेळा दिले, एवढेच येते. या क्षेत्रात कामाचा कस वेगळ्या ठिकाणी लागतो. छापलेली कृती दुसऱ्या प्रयोगशाळेत केली, तर तोच कण हाती येतो का?

२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल क्वांटम डॉटसाठी, म्हणजे आकाराप्रमाणे रंग बदलणाऱ्या अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटर मापाच्या कणांसाठी, तिघांना मिळाले. अलेक्सेई एकिमोव यांनी १९८१ मध्ये काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांत आकाराप्रमाणे रंग बदलतो हे दाखवले, तर लुईस ब्रूस यांनी १९८३ मध्ये द्रावणातल्या कॅडमियम सल्फाइडच्या कणांत. पण हव्या त्या मापाचे, जवळजवळ सारखे कण बनवायची खात्रीची रीत दोघांकडेही नव्हती. ती मौंगी बावेंडी यांनी मरे आणि नॉरिस यांच्यासह १९९३ च्या शोधनिबंधात दिली.

त्या कृतीत ५० ग्रॅम टोपो, म्हणजे ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड, सुमारे २०० अंश सेल्सिअसला निर्वाताखाली २० मिनिटे सुकवतात आणि मग आर्गॉनखाली ३०० अंशांवर आणतात. डायमिथिल कॅडमियम आणि सेलेनियम यांचे थंड मिश्रण सिरिंजने एका दमात आत सोडतात. त्या क्षणी असंख्य केंद्रके, म्हणजे ज्यांभोवती कण वाढतात ती स्फटिकाची बीजे, एकदमच तयार होतात. तापमान १८० च्या आसपास घसरते, त्यामुळे नवी केंद्रके बनणे थांबते आणि पुढे फक्त वाढ होते. हात अडखळला आणि मिश्रण रेंगाळत आत गेले, की उशिरा जन्मलेले कण लहान राहतात आणि साराच घाणा बिघडतो. डायमिथिल कॅडमियम हवेत आपोआप पेट घेते, त्यामुळे ते ड्रायबॉक्समध्ये, म्हणजे हवा नसलेल्या बंद पेटीतच, हाताळावे लागते.

वाढ २३० ते २६० अंशांवर चालते. मधूनमधून नमुना काढून शोषणपट, म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख, पाहायचा. त्यातले शिखर पसरू लागले तर तापमान उतरवायचे, कारण मोठे कण लहानांना विरघळवून स्वतः वाढू लागलेले असतात. वाढ थांबली तर तापमान चढवायचे. शेवटी कण ब्युटॅनॉलमध्ये घेऊन थेंबथेंब मिथेनॉल घालतात. गढूळपणा टिकला की मोठे कण आधी खाली बसतात आणि सेंट्रिफ्यूजने वेगळे होतात. अशा रीतीने १.२ ते ११.५ नॅनोमीटरपर्यंतचे कण मिळाले.

या रीतीतली मोठी अडचण पुढे उलगडली. बाजारातल्या ९० टक्के शुद्धतेच्या टोपोत फॉस्फॉनिक आणि फॉस्फिनिक आम्लांचा अंश असतो. ती आम्ले कॅडमियमला धरून ठेवतात आणि वाढीला लगाम घालतात. अधिक शुद्ध टोपो आणला की तीच कृती फसू शकते, आणि बाटली बदलली की निकालही बदलतो. म्हणून रसायनाचा दर्जा आणि बॅच लिहिलेली नसेल, तर कृती अपुरीच समजावी.

आपल्याकडे फळांच्या सालींपासून किंवा सायट्रिक आम्ल आणि युरियापासून कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण, बनवण्याचे बरेच काम होते. त्याला ही कसोटी आणखी कडक लावायला हवी. सायट्रिक आम्ल आणि नायट्रोजनयुक्त पदार्थ एकत्र तापवले की सिट्राझिनिक आम्लासारखे चमकणारे साधे रेणूही तयार होतात. डायलिसिस, म्हणजे द्रावण पातळ पडद्याच्या पिशवीत ठेवून लहान रेणू बाहेरच्या पाण्यात झिरपू देणे, नीट केले नाही, तर ती चमक कणांची म्हणून छापली जाते. यासाठी पिशवीबाहेरचे पाणी अतिनील दिव्याखाली धरून बघावे. तेच जास्त चमकत असेल आणि आतले फिके पडले असेल, तर कणांबद्दलचा दावा सोडून द्यावा. क्वांटम यील्ड, म्हणजे शोषलेल्या प्रकाशकणांपैकी किती परत बाहेर पडतात ते प्रमाण, मोजतानाही द्रावणाचे शोषण (अ‍ॅब्झॉर्बन्स) ०.१ च्या आत ठेवावे, नाहीतर बाहेर पडलेला प्रकाश द्रावणच गिळते आणि आकडा चुकतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे एकच देखणे छायाचित्र पुरेसे नसते. निदान काहीशे कण मोजून आकारांचा पसारा दाखवायला हवा. आपल्या प्रतिनिधींनी अशा संशोधकाची मुलाखत घेताना एवढे तरी विचारावे: आकारांचा पसारा किती टक्के, क्वांटम यील्ड कोणत्या प्रमाणद्रव्याशी (ज्याचे यील्ड आधीच माहीत आहे अशा पदार्थाशी) ताडून काढले, आणि तुमची कृती दुसऱ्या कोणाच्या प्रयोगशाळेत जमली आहे का. उत्तरे परिचयाबरोबर छापावीत, ही विनंती.

आपला,
मटेरियल सायन्सचा एक अभ्यासक, पुणे