पाइनची झाडं आणि तुझं सुरूचं बन

तोक्यो,
१२ जानेवारी

प्रिय बाबू,

गणपतीत तुझा फोन आला, मी 'उद्या करतो' म्हणालो आणि गप्पच बसलो. राग धर, पण पत्र शेवटपर्यंत वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे.

उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेलो होतो. हासेगावा तोहाकूचं पाइनच्या झाडांचं चित्र तिथं लावलं होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीचं. सहा-सहा पानांचे दोन घडीचे पडदे, एकेक दीड मीटरहून थोडा उंच आणि साडेतीन मीटर रुंद. काळी शाई आणि कागद, बस. झाडांचे काही पुंजके आणि मधे कोरा कागद. बाबू, त्या कोऱ्या कागदावर धुकं होतं रे. जवळ गेलं की झाड उरत नाही, नुसते खरखरीत, घाईघाईचे फटकारे दिसतात. दहा पावलं मागे आलं की तीच झाडं ओली होऊन हलायला लागतात. मी चार वेळा पुढे-मागे केलं. मग बाकावर बसलो आणि दिवेआगर आठवलं.

मी कुठं येतोय ते तुला कळलंच असेल.

सबमिशनच्या आदल्या रात्री तू जाड्याच्या स्कूटरवरून काकूंना आणायला स्टँडवर गेलास. तुझं दिवेआगरच्या सुरूच्या बनाचं चित्र टेबलावर होतं, निम्म्याहून जास्त कागद कोरा. मला वाटलं, तुला वेळ पुरला नाही. मी निळसर वॉश दिला, समुद्राची रेघ ओढली, वर दोन होड्या घातल्या. होड्या! तू आलास, बघितलंस आणि एक शब्द बोलला नाहीस. मेसच्या आमटीवरून तास तास भांडणारा तू! (आणि माझा बारा नंबरचा सेबल ब्रश तूच हरवलास, जाड्याचं नाव घेऊन सुटलास. यावर मी आजही भांडायला तयार आहे.) दुसऱ्या दिवशी सर होड्यांचं कौतुक करत होते आणि तू खिडकीबाहेर बघत होतास.

मी मदत केली, असंच इतकी वर्षं धरून चाललो.

या पडद्यांवरच्या कागदांचे जोड नीट जुळत नाहीत. चित्रकाराच्या नावाचे शिक्केही मागाहून मारलेले असावेत म्हणतात. म्हणून काही अभ्यासकांना हे एखाद्या मोठ्या कामाचं कच्चं चित्र वाटतं. कच्चं! चारशे वर्षांत ते किती हातांतून गेलं असेल, पण मधली जागा कुणी भरली नाही. मी एका रात्रीत भरली.

तोहाकू १५३९चा, नोतोतल्या नानाओचा, म्हणजे समुद्रकाठचा. तुझ्यासारखाच. त्याचा मुलगा क्यूझोही चित्रकार होता, तो १५९३ मध्ये ऐन तारुण्यात गेला. हे चित्र त्या दुःखातून आलं असं मानणारे आहेत. मला मात्र त्यात आधी किनारा दिसला. धुक्यात झाड कुठं संपतं हे तुम्हा लोकांना लहानपणापासून ठाऊक असतं. मी पेठेत वाढलो, मला धुकं म्हणजे भरायची राहिलेली जागा वाटली.

त्यानंतर तू काढलेलं एकही चित्र मी पाहिलेलं नाही. दुकान, नोकरी, नानांचं आजारपण, तुझी सगळी कारणं मला पाठ आहेत. त्यात त्या रात्रीचा वाटा किती, एवढंच मला खातंय. परवापासून झोपेतही तेच. तू 'काहीच नाही' म्हणशील. तसं म्हणू नकोस. खरं सांग.

वहिनींची बदली झाली का? धाकटीच्या बारावीचं काय ठरलं? घराचा स्लॅब पडला असेल तर फोटो पाठव.

सोबत शाईची एक वडी पाठवतोय. नारामध्ये करतात. तेलाच्या दिव्यांवर भांडी पालथी ठेवून काजळी धरतात, अगदी आजी काजळ धरायची तशीच, आणि ती सरसात मळतात. काकूंच्या सहाणेवर उगाळू नकोस, मार खाशील. वेगळा गुळगुळीत दगड घे, थेंबभर पाणी टाक आणि हळू फिरव.

आणि तो कागद? फाडलास की माळ्यावर आहे? असला तर होड्यांसकट तसाच राहू दे. मी मे महिन्यात येतोय, मला तुझ्यासमोर तो एकदा बघायचाय.

तुझा,
विन्या