रविवारी पर्वती, न बोलता

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी जमूया. सजगतेचा (माइंडफुलनेस), म्हणजे चालू क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव म्हणून सगळ्या पायऱ्या न बोलता चढायच्या. टाच कधी टेकते, भार पुढच्या पायावर कधी जातो, एवढंच पाहायचं. मन भरकटणारच, ते भरकटलंय हे लक्षात येणं हाच सराव, तेव्हा स्वतःवर चिडू नका. गुडघे दुखत असतील त्यांनी खालीच सावकाश चालावं, तेही तितकंच मोलाचं.

वर प्रत्येकाला एक मनुका मिळेल. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या सजगतेच्या अभ्यासक्रमातला हा प्रयोग. सुरकुत्या बोटांनी चाचपा, वास घ्या, मग हळूहळू चावा.

तोवर रोजचा सकाळचा चहा मोबाइल बाजूला ठेवून प्या, ही कळकळीची विनंती. येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर कळवा.