त्या टिकवरून

मने,

तीन आठवडे गप्प बसले, घाल शिव्या, घालून झाल्या की पुढे वाच. तब्येत बरी, आजीचा गुडघा आहे तसाच.

अमेरिकेतल्या दोन कॉलेजांकडून होकार आलाय. डोंगरवालं आणि तळ्यावालं. आणि दोघांनी पैसेही दिलेत, म्हणजे अर्जात 'एड हवीये', फीसाठी मदत हवीये, वर टिक केली म्हणून सगळ्यांनीच मला हाकललं नाही, हे लिहून ठेव. बाकीच्या सहांनी हाकललं ते टिकमुळेच असं तू म्हणणार, म्हण. परदेशी मुलांची टिक न बघता घेणारी ॲमहर्स्ट, बोडनसारखी कॉलेजं मोजकीच, हे मलाही कळतं गं. पण आधी न मागता नंतर मागितलं तर बहुतेक ठिकाणी हात वर करतात हे तुला आता माझ्यापेक्षा जास्त कळलंय. असो. दोन महिने बोलत नव्हतो आपण त्यावरून, परत नको.

तर तळ्यावाल्यांचा खर्च वर्षाला ७४,००० डॉलर, त्यात ५६,००० मेरिट, म्हणजे मार्कांवरची स्कॉलरशिप, भरायचे १८,०००. डोंगरवाल्यांचा ८२,०००, त्यांची ग्रँट ५८,२०० आणि कॅम्पस जॉबचे २,८००, म्हणजे भरायचे २१,०००. बाबा म्हणाले विषय संपला, तळं. पण मेरिट चार वर्षं तेवढंच राहणार आणि फी मात्र दरवर्षी वाढणार! ४ टक्के धरले तर चौथ्या वर्षी २७,२४० भरायचे, चार वर्षांचे ९०,२३८. डोंगराचे चौपट केले की ८४,०००. मी नाचतच बाबांकडे गेले. बंड्यानं कागद बघितला आणि म्हणाला, ताई, हे २,८०० कोण देणारे? आणि खरंच, ते बिलातून वजा होतच नाहीत, आपणच काम करून कमवायचे, चार वर्षांचे ११,२००. ते धरले की डोंगर महाग. मग मी रात्री फी ५ टक्क्यांनी वाढवली, आणि दोन्ही जवळजवळ सारखे झाले. तेव्हा कळलं की मी हिशोब करतच नाहीये, मला हवं ते उत्तर येईपर्यंत टक्के बदलतेय.

कारण सांगू? डोंगरवाल्यांच्या एका ऑनलाइन क्लासला बसले होते. अकरा जण. सरांनी मला विचारलं, तुला काय वाटतं. मी गप्प. ते पुढच्याकडे वळले नाहीत, नुसते थांबले, सगळेच थांबले, चांगलं अर्धा मिनिट, आणि मग मी बोलले. आपल्या शाळेत कोणी थांबलंय कधी माझ्यासाठी? तू पण नाहीस, तू तर माझं वाक्य पूर्ण करतेस.

पण डोंगराची मदत घरच्या उत्पन्नावर, दरवर्षी नव्यानं ठरणार. बाबांनी तो सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठीचा घरच्या पैशांचा फॉर्म, कसा भरला ते मी बघितलंय. घर कधी घेतलं, केवढ्याला घेतलं, आज केवढ्याला जाईल. चष्मा काढून म्हणाले, यांना माझ्या मुलीला शिकवायचंय की माझं घर विकायचंय? हे आणखी तीनदा करायला लावायचं मी त्यांना? उलट तिसऱ्या वर्षी ते रिटायर होणार, उत्पन्न घटणार, तेव्हा डोंगर बहुधा जास्त देईल आणि तळं ५६,००० च्या पुढे एक डॉलर सरकणार नाही. वर तळ्याच्या मेरिटसाठी ३.२ जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, टिकवायचा, पहिलं सेमिस्टर गंडलं की संपलं. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, गंडेल कशाला? आता यावर काय बोलणार!

१ मे च्या आत एकीकडे डिपॉझिट भरायचंय. दोन्हीकडे भरायची तुझी आयडिया आईला आवडली, म्हणूनच नको.

आता तू एक सांग, आणि खरं सांग. पहिल्या सेमिस्टरला तुला तिथे कॅम्पसवर किती तास काम मिळालं होतं? नियमानं आठवड्याला २० पर्यंत चालतं ते माहितीये, मिळतात किती? त्यावर ते २,८०० खरे की खोटे ते ठरेल.

तुझ्या मिडटर्म्स कशा गेल्या? घोरणारी रूममेट गेली का? त्याच्याबद्दल मी काही विचारत नाही, तूच सांगशील.

रविवारी फोन कर. बाबा शेजारी असतील, टिकचा ट पण काढू नकोस.

तुझीच,
चिमी