रिचर्ड सायझिक यांच्याबद्दल, तू विचारलंस म्हणून

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "देवाने जग निर्माण केलं म्हणता, मग ते राखायची गोष्ट निघाली की तुझे अमेरिकेतले चर्चवाले उलट्या बाजूला का जाऊन बसतात?" आज उपासना आटोपून घरी आलोय, दुपार मोकळी आहे, म्हणून रिचर्ड सायझिक यांच्या गोष्टीतून सविस्तर लिहितो.

तू नाताळला आमच्याकडे यायचास ते नगरचं चर्च डोळ्यांसमोर आणू नकोस. तिथल्या पाळकसाहेबांचा सल्ला घ्यायला कुठला मंत्री येत नाही. इथे राष्ट्राध्यक्ष येतात. रेगननी सोव्हिएत संघाला 'दुष्ट साम्राज्य' म्हटलं ते भाषण १९८३ साली ऑर्लँडोमध्ये झालं, नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्सच्या अधिवेशनात. इव्हँजेलिकल म्हणजे बायबल प्रमाण मानणारे आणि सुवार्ता सांगत फिरणारे प्रोटेस्टंट, त्यांची ही संघटना. सत्तेच्या इतक्या जवळची ही जागा आहे, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ते नाही. माणसाला बागेत ठेवलं ते तिची मशागत आणि राखण करायला, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेलं आहे आणि इथल्या रविवारच्या शाळेतली पोरंसुद्धा ते जाणतात. याच संघटनेने १९७० साली पर्यावरणावर ठराव केला होता. नव्वदच्या दशकात नामशेष होत चाललेल्या प्राण्यांना संरक्षण देणारा कायदा मोडीत काढायचा घाट घातला गेला, तेव्हा इव्हँजेलिकल एन्व्हायर्नमेंटल नेटवर्कची माणसं त्या कायद्याला आजचं नोहाचं तारू (बायबलातल्या महापुरात प्राणी वाचवणारं जहाज) म्हणत त्याच्या बाजूने उभी राहिली.

या संघटनेच्या वॉशिंग्टनमधल्या कामाची धुरा रिचर्ड सायझिक नावाच्या गृहस्थांकडे होती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी तिथे काढली. गर्भपाताचे विरोधक, रिपब्लिकन वळणाचे, कुणी डावा म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. २००२ साली ऑक्सफर्डच्या एका परिषदेत त्यांनी सर जॉन हॉटन यांचं ऐकलं. हॉटन हे हवामानशास्त्रातलं फार मोठं नाव, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या विज्ञान गटाचे सहअध्यक्ष, आणि स्वतः श्रद्धावान इव्हँजेलिकल. म्हणजे आकडे मांडणारा माणूस प्रार्थनाही करणारा होता. सायझिक यांनी त्या अनुभवाला आपलं दुसरं परिवर्तनच म्हटलं. आमच्यात परिवर्तन म्हणजे मन पालटून ख्रिस्ताकडे वळणं, हा जपून वापरायचा शब्द आहे, उगाच कोणी तसं म्हणत नाही.

पुढे फेब्रुवारी २००६ मध्ये ८६ पुढाऱ्यांनी हवामानबदलावर जाहीर निवेदन काढलं. त्यात रिक वॉरनसारखे नावाजलेले पाळक होते, कितीतरी ख्रिस्ती कॉलेजांचे अध्यक्ष होते. सायझिक यांची सही मात्र त्यावर राहू शकली नाही. कारण रेडिओवरून घराघरांत पोचलेले जेम्स डॉब्सन, चार्ल्स कोलसन आणि इतर इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी आधीच संघटनेला कळवलं होतं की या विषयावर इव्हँजेलिकलांचं एकमत नाही, तेव्हा संघटनेने भूमिका घेऊ नये. मार्च २००७ मध्ये डॉब्सन, गॅरी बाउअर, टोनी पर्किन्स वगैरे पंचवीसेक जणांनी आणखी एक पत्र धाडलं. ते मी नीट वाचलंय. तापमानवाढीच्या वादामुळे गर्भपात, विवाह, लैंगिक संयम या मोठ्या नैतिक प्रश्नांवरून लोकांचं लक्ष उडतंय, आणि सायझिक आवरत नसतील तर त्यांना राजीनामा द्यायला सांगा, असा त्याचा सूर. यात गंमत नाही, दिलीप, खेद आहे. डॉब्सन या संघटनेचे सभासदही नव्हते! त्याच सुमारास जेरी फॉलवेल यांनी लिंचबर्गच्या आपल्या चर्चमध्ये प्रवचन केलं, की चर्चला मूळ कामापासून भरकटवायचा हा सैतानाचा डाव आहे.

संघटनेच्या मंडळाने तेव्हा सायझिक यांना हात लावू दिला नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण डिसेंबर २००८ मध्ये रेडिओवरच्या एका मुलाखतीत समलिंगी जोडप्यांच्या नागरी नोंदणीबद्दल आपलं मत बदलत असल्याचं ते बोलून गेले, आणि काही दिवसांत नोकरी गेली. निमित्त वेगळं होतं. पण त्याआधी दोन वर्षं कोण टपून बसलं होतं, ते मी वर लिहिलंच आहे.

डॉब्सनइतकाच माझा राग त्या ८६ जणांवरही आहे. त्यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पानभर जाहिरात दिली. आमच्या मंडळीतला शेतकरी, नर्स, ट्रकचालक न्यूयॉर्क टाइम्स वाचत नाही. डॉब्सनचा रेडिओ मात्र रोज त्यांच्या स्वयंपाकघरात चालू असायचा. वरच्या वर सह्या झाल्या आणि बाकांवर बसणाऱ्यांपर्यंत काही पोचलंच नाही. २०१६ साली दहांतल्या आठ गोऱ्या इव्हँजेलिकलांनी ट्रम्पना मत दिलं, आणि पर्यावरण खातं स्कॉट प्रुइट यांच्याकडे गेलं, जे स्वतः बॅप्टिस्ट चर्चचे डीकन, म्हणजे चर्चच्या कारभारातले पदाधिकारी, होते.

आता पाऱ्याचं सांगतो, कारण ते मला सगळ्यांत जास्त लागलंय. कोळशावरच्या वीजकेंद्रांच्या धुरातून पारा निघतो, पावसाबरोबर तळ्यात उतरतो, तिथले जंतू त्याचं विषारी रूप करतात, ते माशात साठतं, माशातून आईच्या पोटात आणि तिथून न जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत. इथे पेनसिल्व्हेनियात हौसेने पकडलेला मासा आठवड्यातून एकदाच खावा असा सरकारी सल्ला आहे. मिच हेस्कॉक्स हे पाळक, आधी कोळसा हाताळणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात होते. २०११ च्या अखेरीस पाऱ्यावर निर्बंध आले, त्या सुमारास त्यांनी सरळ प्रश्न मांडला: न जन्मलेल्या बाळासाठी लढता ना, मग हे बाळ कोणाचं? उत्तर काय मिळालं? पर्यावरणाच्या निर्बंधांना विरोध करणाऱ्या कॉर्नवॉल अलायन्स या इव्हँजेलिकल गटाने निवेदन काढून बजावलं की 'प्रो-लाइफ' (जीवनाच्या बाजूचा) हा शब्द गर्भपाताच्या विरोधापुरताच वापरा, पाऱ्याच्या प्रश्नाला लावणं ही दिशाभूल आहे. बाळापेक्षा आघाडी टिकवणं महत्त्वाचं ठरलं. एरवी हीच माणसं आजाऱ्याच्या दारात रात्री-अपरात्री जेवणाचा डबा घेऊन उभी राहतात, म्हणून मला हे जास्त सलतं.

आज उपासनेनंतर कॉफी पिताना शेजारचे एक आजोबा सांगत होते, लहानपणी हिवाळ्यात तळं इतकं गोठायचं की वर गाडी न्यायचो, आता पाय ठेवायची सोय नाही. मी म्हटलं, हवामान बदलतंय. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ते राजकारण झालं." डोळ्यांनी पाहिलेलं ते सांगतात, पण त्याला नाव द्यायचं नाही. नाव दिलं की आपण दुसऱ्या पक्षाचे ठरतो, ही भीती पुढाऱ्यांनी तीस-चाळीस वर्षं खपून रुजवलीय.

तू म्हणालास, सोडून दे ती मंडळी. नाही सोडणार. कॅथरीन हेहो टेक्सासात राहतात, हवामानशास्त्रज्ञ आहेत, नवरा पाळक, आणि त्या अशाच लोकांत जाऊन बोलतात. मीही वडीलजनांना विचारलंय की बुधवारच्या बायबल अभ्यासात पाऱ्यावर एक संध्याकाळ द्या. ते हो म्हणालेले नाहीत, नाहीही म्हणालेले नाहीत. तू पाण्याच्या तपासणीचं काम करतोस, तेव्हा माशांतला पारा कसा मोजतात ते साध्या भाषेत लिहून पाठव, मी त्याचं इंग्रजी करून घेईन.

काकूंच्या गुडघ्याचं कळव. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सॅम्युएल